सव्वीस टक्के

“खाली बस,” मी म्हणाले, आणि चंदनवेल सोसायटीचा सेक्रेटरी खाली बसला.

शेहेचाळीस वर्षांचा बाप्या. साताऱ्याच्या मार्केट यार्डात बियाण्यांचं दुकान, दोन मुली, चांगल्या पिळदार मिशा. पण आठवीत हा उत्तम शिंगटे माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा, आणि बाईंनी ‘खाली बस’ म्हटल्यावर उभं राहायची त्याच्या गुडघ्यांना सवयच नव्हती. गच्चीवर मांडलेल्या खुर्च्यांमधून हशा पिकला. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

सभेपुढे विषय एकच होता, माझी गाडी.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले, त्रेसष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले आणि विजेवर चालणारी गाडी घेतली. हौस म्हणून नव्हे. आमच्या ह्यांची फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागायचं, आणि जुन्या गाडीचा धूर नाकात गेला की हे वाकून वाकून खोकायचे. घरात असले की नाकाला नळी. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र दिवसरात्र पलंगाशेजारी घुरघुरत असायचं, आणि ते चालायचं विजेवर. वीज गेली की आमच्याकडचा इन्व्हर्टर ते यंत्र दीड तास ओढायचा. त्यापुढे काय, हा प्रश्न मला वर्षभर पोखरत होता. गाडी दाखवणाऱ्या पोरीनं गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाला एक अडॅप्टर लावला, त्यात मिक्सरची पिन खोचली आणि रस्त्याच्या कडेला मिक्सर फिरवून दाखवला. मी तिथंच सही केली. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, गॅलरीला लागूनच पार्किंग. एक वायर गॅलरीच्या गजांतून आत घेतली की झालं.

चार्जर मी माझ्या मीटरवर बसवून घेतला. परवानाधारक इलेक्ट्रिशियन, वेगळं अर्थिंग, सगळं रीतसर. आणि आठव्या दिवशी नोटीस आली, विशेष सर्वसाधारण सभा.

“माझ्या भावाला पेसमेकर आहे,” दुसऱ्या मजल्यावरच्या इनामदार वहिनी म्हणाल्या. “दर रविवारी जेवायला येतो. तुमच्या त्या गाडीशेजारून जाताना त्याला काही झालं म्हणजे?”

“मिक्सरशेजारून जातो ना तो? मग गाडीशेजारूनही जाईल.”

“लोडचं काय?” बँकेतून निवृत्त झालेले वाईकर म्हणाले. “गाडी लावली चार्जिंगला की आमचे पंखे मंद होणार. सगळ्या बिल्डिंगची वीज ओढणार ती.”

“तुमच्या गीझरपेक्षा थोडीशी जास्त ओढते, वाईकर. तुम्ही आंघोळ करता तेव्हा माझा पंखा मंद होतो का?”

अध्यक्ष सुभेदार निकम घसा खाकरून उठले. फौजेत तीस वर्षं काढलेला माणूस, पण त्या दिवशी आवाजात जरा चाचरत होते. “म्याडम, पावसाळ्यात हितं घोट्याएवढं पानी साचतंय. त्या पान्यात करंट उतरला तर? समदी चिकटून मरायची की हो.”

मी पिशवीतून सरकारी परिपत्रक बाहेर काढलं. राज्याचं इलेक्ट्रिक गाड्यांचं धोरण आहे, सोसायट्यांनी चार्जरला आडकाठी करू नये असं सहकार खात्यानं कळवलेलं आहे, सगळं वाचून दाखवलं. माझ्या हातातला कागद कुणी बघितलासुद्धा नाही. सगळे आपापल्या मोबाइलवर पेटलेल्या स्कूटरचा एकच व्हिडिओ एकमेकांना दाखवत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकतीस वर्षं या गावाला विज्ञान शिकवलं ते यासाठी?

आणि तेवढ्यात उत्तम उठला.

“चार्जिंग चालू असताना स्फोट होतो, बाई. हे खरं हाय. तुम्हीच तर आम्हाला…”

“मी तुला काय शिकवलं ते मला नको सांगूस. सहामाहीला किती मार्क होते तुला? सांगू सगळ्यांना? खाली बस.”

तो बसला. सगळे हसले. आणि मग सगळ्यांनी हात वर करून चार्जर बंद करायचा ठराव केला, चौदा विरुद्ध दोन. ते दोन म्हणजे मी आणि खालून फोनवर ‘माझाही हात वर आहे असं लिहा’ म्हणणारे हे.

मी सहकार खात्याच्या निबंधकांच्या कार्यालयात अर्ज टाकला. तिथल्या साहेबांनी तारीख दिली, मग पुढची तारीख दिली. चार्जर मी काही बंद केला नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी बघते तर मीटररूममध्ये माझ्या चार्जरच्या स्विचबॉक्सला हे एवढं पितळी कुलूप.

उत्तम दुकानाला निघाला होता. मी त्याची मोटरसायकल अडवली.

“कुलूप काढ.”

“ठराव झालाय, बाई.”

“काकांचं मशीन विजेवर चालतं, हे तुला माहीत आहे. वीज गेली तर मला त्या गाडीचाच आधार आहे. ती चार्ज करू दे.”

“म्हणूनच तर म्हणतोय मी!” तो कळवळून बोलला. “आत तुमच्याकडं ऑक्सिजन, बाहेर ती बॅटरी. वर साठ माणसं राहत्यात. बाई, मला रात-रात झोप लागत नाही.”

“मग झोपेची गोळी घे,” मी म्हणाले आणि घरात येऊन दार आपटलं.

“काय म्हणत होता?” ह्यांनी विचारलं.

“काय म्हणणार? दगड आहे तो. आठवीत होता, तेव्हाही दगडच होता.”

“घाबरलेला दिसतोय,” हे म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना मध्ये एकदा थांबावं लागलं.

“मूर्ख आहे,” मी म्हणाले, आणि तो विषय संपला. माझा राग हा असा. एकदा कुणावर शिक्का मारला की पुन्हा तपासायला जात नाही. पेपर तपासताना मात्र मी दोन-दोनदा तपासायची.

आता चार्जिंगला जायचं तर हायवेवरच्या एका हॉटेलाशी. जाऊन-येऊन अडीच तास. ह्यांना एकटं टाकून अडीच तास कशी जाणार? दवाखान्याच्या फेऱ्या होत राहिल्या आणि गाडी उतरत गेली. साठ टक्के, पंचेचाळीस, चौतीस. रोज संध्याकाळी मी तो आकडा बघायची आणि उत्तमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

त्या गुरुवारी दुपारी साडेतीनला वळीव आला. वळीव कसला, पिसाळल्यासारखं वारं. समोरचा गुलमोहर मुळासकट उपटून रस्त्यात आडवा झाला, कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर काहीतरी येऊन आदळलं, निळा जाळ दिसला आणि आमच्या सगळ्या गोडोली भागाची वीज गेली. वीज कंपनीत फोन लावला. “बाई, सतरा खांब वाकलेत,” पलीकडचा म्हणाला. “वेळ नाही सांगता येत.” रुग्णवाहिकेला लावला. दोन्हीकडून रस्ता बंद, झाडं तोडल्याशिवाय गाडी येणार नाही.

इन्व्हर्टरनं आपला दीड तास इमानानं भरला. मग तोही टीं-टीं करायला लागला. बाहेर जाताना न्यायचा छोटा सिलिंडर होता, त्यात फार तर तासाभराचा ऑक्सिजन. तो मी शेवटासाठी बाजूला ठेवला, किल्ली घेतली आणि गाडी गॅलरीला चिकटवून उभी केली.

सव्वीस टक्के.

वीसच्या खाली गेली की ही गाडी बाहेर वीज देणं बंद करते. म्हणजे हातात सहा टक्के. ह्यांचं यंत्र किती वॅट ओढतं ते मला पाठ होतं. मनातल्या मनात भागाकार केला, जेमतेम पाच तास. चार्जरला कुलूप नसतं तर हाच आकडा सहज दोन-तीन दिवसांचा झाला असता. अडॅप्टर लावला, वायर गजांतून आत सरकवली. यंत्रानं एक उसासा टाकला आणि घुरघुरायला लागलं. ह्यांनी पलंगावरून अंगठा वर केला.

आणि उत्तम धावत आला. चिखलातून, अनवाणी.

“बाई! काय करताय बाई! बंद करा!”

मी काही बोलायच्या आत त्यानं गाडीला लावलेली पिन धरली आणि खसकन उपसली.

आत यंत्र कर्कश किंचाळायला लागलं. वीज तुटली की ते तसं ओरडतं, सलग, थांबत नाही. जिन्यात माणसं जमा झाली होती. इनामदार वहिनी, वाईकर, सुभेदार, सगळे. कुणी पुढे येईना. उत्तमनं पिन पोटाशी धरली होती.

“दे इकडे.”

“नाही, बाई. ऐका माझं. ठिणगी पडंल. आत ऑक्सिजन हाय…”

मी त्याच्या कानाखाली वाजवली.

आयुष्यात मी पुष्कळ मुलांना मारलं. तेव्हा मारायचे सगळेच. पण त्या दिवशी जसा हात उठला, तसा कधीच उठला नव्हता. त्याच्या मानेला हिसका बसला. वरच्या जिन्यात त्याची धाकटी मुलगी उभी होती, तिनं ते पाहिलं. मला त्याचंही काही वाटलं नाही. त्या क्षणी तो माझ्या नवऱ्याचा श्वास मुठीत धरून उभा होता, आणि मी आणखी एक मारणार होते.

आतून आवाज आला. यंत्राच्या किंचाळण्यातून, तुटक तुटक.

“शरयू… मार… नंतर. आधी… पिन लाव.”

उत्तमच्या हातातली पिन मी हिसकावून घेतली. त्याची बोटं सैल पडली होती. पिन बसली, किंचाळणं थांबलं, घुरघुर सुरू झाली.

मग जे झालं ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. उत्तमनं गाल चोळला, मागे वळला आणि ओरडला, “सगळी बाहेर पडा! गेटच्या बाहेर, रस्त्यावर! पोरांना घ्या आधी!” आणि माणसं पळाली. चार मजल्यांची साठ माणसं. कुणी टीव्हीचं कव्हर डोक्यावर घेतलेलं, कुणाच्या हातात देवघरातला बाळकृष्ण, वाईकरांच्या बगलेत कागदांची बॅग. गेटबाहेर, पडलेल्या गुलमोहराच्या पलीकडे चिखलात जाऊन उभी राहिली आणि माझ्या गाडीकडे टक लावून बघायला लागली. आता उडते, मग उडते. आत एक माणूस श्वासासाठी धडपडतोय, त्याला सिलिंडर हवाय का, चहा हवाय का, एकानं विचारलं नाही. सुभेदार तेवढे लांबून ओरडले, “म्याडम, तुमी पन या भायेर!”

“मी माझ्या घरात आहे, सुभेदार! तुम्ही उभे राहा पावसात!”

गॅलरीच्या पायरीवर खुर्ची टाकून मी बसले. एक डोळा ह्यांच्या छातीवर, एक गाडीतल्या आकड्यावर. पंचवीस टक्के झाले.

थोड्या वेळानं लक्षात आलं, एक माणूस गेला नव्हता. उत्तमनं मीटररूममधून वाळूच्या दोन लाल बादल्या ओढत आणल्या होत्या आणि गाडीपासून दहा फुटांवर, खांबाला टेकून उकिडवा बसला होता. डाव्या गालावर माझी बोटं उठलेली.

“तू का बसलास?” मी खेकसले. “जा की. तुझ्या मते उडणार आहे ना?”

“शेक्रेटरी हाय मी,” तो म्हणाला. “काका आत हायत. तुम्ही हाय. पेटलीच तर वाळू टाकायला कुणीतरी पायजे.”

तो थापा मारत नव्हता. त्याची नजर गाडीवरून हलत नव्हती. त्याला खरोखरच वाटत होतं की ती उडणार, आणि तरी तो दहा फुटांवर बसला होता. मला आणखीच राग आला. मूर्ख माणसानं निदान पळून तरी जावं, म्हणजे त्याला मूर्ख म्हणून मोकळं होता येतं.

चोवीस टक्क्यांवर मी विचारलं, “कुणी भरवलं रे तुझ्या डोक्यात हे? त्या व्हिडिओनं?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग समोर बघत, हात मांडीवर घट्ट धरून, वर्गात म्हणतात तशा एका सुरात म्हणायला लागला.

“बॅटरी प्रभारित होत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हा वायू ज्वालाग्राही असून ठिणगीच्या संपर्कात आल्यास त्याचा स्फोट होतो.”

श्वास घेतला. “शंभर वेळा लिवलंय, बाई. शेवटचे वीस थोरल्या बहिणीनं लिहून दिले. तुम्ही ओळखलंत आणि तेवढे परत लिहायला लावलेत.”

मला प्रयोगशाळा दिसली. मागच्या टेबलावर शाळेची जुनी बॅटरी चार्जिंगला लावलेली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर स्पिरिटचा दिवा पेटवायला काडी ओढणारं हे पोर. माझ्या काळजाचं पाणी झालं होतं. मी त्याच्या हातावर पट्टी तुटेपर्यंत मारलं होतं. आणि मग ते वाक्य फळ्यावर लिहून दिलं होतं. पुढच्या प्रत्येक वर्षी, प्रत्येक तुकडीला, पाठ करायला. माझ्या वर्गाचा निकाल जिल्ह्यात वर असायचा तो अशा वाक्यांवर.

“उत्तम,” मी म्हणाले, “अरे, ती शिशाची बॅटरी होती. आत आम्ल असलेली. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. गाडीतली लिथियमची असते. ती सीलबंद. चार्ज होताना तिच्यातून काही बाहेर पडत नाही.”

“तुम्ही नुसतं ‘बॅटरी’ लिवलं होतं.”

नुसतं ‘बॅटरी’ लिहिलं होतं. वाक्य लांबलं असतं. मुलांना पाठ झालं नसतं.

“मग शिशाची आता कुठं असती, बाई?” त्यानं विचारलं.

“सगळीकडे. ट्रकमध्ये. तुझ्या मोटरसायकलमध्ये. घरातल्या इन्व्हर्टरमध्ये.”

तो एकदम ताठ झाला. “इन्व्हर्टरमध्ये?”

“हो. म्हणून तर तो मोकळ्या हवेत ठेवायचा असतो.”

“बाई,” तो हळूच म्हणाला, “आमचा इन्व्हर्टर पोरींच्या खोलीत हाय. पलंगाखाली. एसी लावलाय, खिडकी बंद असती. तीन वर्षं झाली.”

आम्ही दोघांनीही वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर ती खिडकी बंद होती. मुली गेटबाहेर, आईच्या पदराआड उभ्या होत्या. ज्या बॅटरीला भ्यायला हवं होतं तिच्यावर याच्या पोरी झोपत होत्या, आणि हा माझ्या स्विचबॉक्सला कुलूप घालत होता.

“तू हे तीन महिन्यांत एकदा तरी बोलायचंस!” माझा आवाज पुन्हा चढला. “मला विचारायचंस! धडाधड नोटिसा काढत बसण्यापेक्षा…”

“उठलो होतो की मीटिंगीत.” आता तोही चिडला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर. “तेच सांगत होतो. तुम्हीच तर आम्हाला शिकवलंय, असं म्हणत होतो. तुम्ही खाली बसवलंत. पोरीबाळींसमोर माझे मार्क काढलेत. एकाच गोष्टीसाठी दोनदा मार खाल्ला मी, बाई. एकदा विसरलो म्हणून, आणि आज ध्यानात ठेवलं म्हणून.”

आत यंत्र घुरघुरत होतं. ह्यांनी सगळं ऐकलं असणार. माफी माझ्या ओठांपर्यंत आली आणि तिथंच अडली. मला त्याचा राग होता, साठ माणसांचा होता, निबंधकाच्या तारखांचा होता. पण त्या वाक्याखाली लाल शाईनं सही करणाऱ्या बाईचा जो राग आला, तो या सगळ्यांहून मोठा होता, आणि तिच्या कानाखाली वाजवायला कुणी नव्हतं.

बावीस टक्क्यांवर त्यानं उठून वाळूची एक बादली मीटररूममध्ये नेऊन ठेवली. एकवीस झाले तेव्हा मी छोटा सिलिंडर पलंगाशी आणून ठेवला. आणि साडेआठच्या सुमाराला खांबावरचा दिवा फडफडला, विझला, पुन्हा लागला. मी यंत्र भिंतीतल्या सॉकेटला जोडलं. गेटबाहेरची माणसं खाली बघत माझ्या गॅलरीवरून जिन्याकडे गेली. इनामदार वहिनींनी बाळकृष्ण पदराखाली घेतला होता.

उत्तमनं खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर कठड्यावर ठेवली.

“सकाळी ये,” मी म्हणाले. “दोन्ही बॅटऱ्यांत फरक काय तो सांगते. नीट.”

“वही आणू?” त्यानं विचारलं. सवयीनं, अगदी आपसूक.

“नाही,” मी म्हणाले. “वही नको आणूस. प्रश्न आण.”

तो मान हलवून वर गेला. हे झोपले होते, नळी नाकाशी नीट होती. त्यानंतर ते आणखी चौदा महिने जगले. त्या रात्री मी अडॅप्टर काढून वायर गुंडाळत होते, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज आला, मग खिडकी उघडल्याचा. उत्तम इन्व्हर्टर गॅलरीत काढत होता.